चरबीच्या थेंबापलीकडे: उंदराचं यकृत काय सांगतं

चरबीयुक्त आहारावर वाढलेल्या उंदराच्या यकृताची नेहमीच्या पद्धतीनं केलेली स्लाइड चाळणीसारखी दिसते. पेशीपेशीत पांढरी गोल भोकं. तिथं चरबीचे थेंब होते. स्लाइड तयार करताना वापरलेल्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ते विरघळून गेले. थेंबच पाहायचे असतील तर यकृत गोठवून काप घ्यायचा आणि ‘ऑइल रेड ओ’ हा रंग लावायचा. मग त्याच जागा लालभडक दिसतात.

ते दृश्य पाहून चरबीयुक्त यकृताच्या आजाराचा सगळा दोष थेंबांना द्यावासा वाटतो. पण माझ्या मते मूळ दुखणं दुसरीकडे आहे.

यकृतात फॅटी ॲसिडचा लोंढा आला की पेशी काही ॲसिडं ट्रायग्लिसराइड या साठवणीच्या चरबीच्या रूपात थेंबात साठवते आणि काही मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, जाळते. जाळताना इलेक्ट्रॉन एका साखळीतून पुढे सरकतात. भार वाढला की त्यातले काही वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हा पेशीला इजा करणारा रेणू तयार होतो. सीवायपी२ई१ नावाचं विकर त्यात भर घालतं. ग्लुटाथिओन, कॅटलेज ही बचावाची फळी अपुरी पडली की तो ऑक्सिडेटिव्ह ताण. मग पेशीपटलातली असंतृप्त फॅटी ॲसिडं एकामागून एक बिघडत जातात. तेल खवट होतं तीच ही रसायनक्रिया, फक्त जिवंत पेशीत चाललेली. त्यातून मेलॉनडायअल्डिहाइड तयार होतं. यकृताचा अर्क थायोबार्बिट्युरिक ॲसिडबरोबर तापवला की परीक्षानळीत गुलाबी रंग येतो. जितका गडद, तितका बिघाड जास्त.

मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेला माल यकृतातल्या कुप्फर पेशींना, म्हणजे तिथल्या संरक्षक पेशींना, चाळवतो. त्या टीएनएफ-अल्फासारखे दाहकारक रेणू सोडतात, आणि हेच रेणू शेजारच्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियाला आणखी दुखावतात. ताणातून दाह, दाहातून पुन्हा ताण. हे लांबलं तर यकृतातल्या तारकापेशी जाग्या होऊन कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू विणू लागतात आणि यकृत कडक होत जातं; हीच तंतुमयता.

१९९८ मध्ये डे आणि जेम्स या संशोधकांनी ‘दोन आघातां’ची कल्पना मांडली: आधी चरबी, मग ऑक्सिडेटिव्ह ताणासारखा दुसरा घाव. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानं मला फार विचारात पाडलं. लठ्ठ उंदरांना मेथिओनिन आणि कोलीन ही पोषकद्रव्यं नसलेला आहार देऊन त्यांच्या यकृतात ट्रायग्लिसराइड बनवणारं डीजीएटी२ हे विकर दाबलं. चरबी कमी झाली, पण ऑक्सिडेटिव्ह ताण, दाह आणि तंतुमयता तिन्ही वाढले. म्हणजे थेंब ही मोकाट फॅटी ॲसिडं बंद करून ठेवण्याची कोठीसुद्धा असते!

उंदराला काय खाऊ घातलं, यावरही बरंच ठरतं. ६० टक्के कॅलरी चरबीतून देणाऱ्या आहारावर उंदीर लठ्ठ होतो, इन्सुलिनला दाद देईनासा होतो, पण त्याच्या यकृतात तंतुमयता फारशी दिसत नाही. उलट मेथिओनिन-कोलीनविरहित आहारावर काही आठवड्यांतच दाह भडकतो. कोलीनशिवाय यकृताला चरबी बांधून रक्तात पाठवता येत नाही. मात्र हा उंदीर वजन गमावतो, आणि माणसांत चरबीयुक्त यकृताचा आजार बहुधा वजन वाढल्यावर येतो. म्हणून ‘अमुक अर्कानं उंदराचं यकृत सुधारलं’ असं वाचलं की मी आधी त्याचा आहार शोधते.

ऑक्सिडेटिव्ह ताण कमी केला तर यकृत सुधारतं का, याच्या माणसांवरच्या एका कसोटीचे निकाल २०१० मध्ये आले. या आजाराच्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णांना ९६ आठवडे हा ताण रोखणारं ई जीवनसत्त्व दिलं. चरबी आणि दाह घटले. तंतुमयतेत मात्र ठोस फरक पडला नाही.