तंद्रीतली चित्रं आणि जागेपणातून गाठलेलं स्वप्न

जागेपणातून थेट सजग स्वप्नात, म्हणजे हे स्वप्न आहे असं आपल्याला कळत असतं अशा स्वप्नात शिरायचं, म्हणजेच शुद्ध हरपू न देता झोपी जायचं, असं ठरवून जो कोणी पहिल्यांदा आडवा होतो, त्याला चार-दोन रात्रींतच वाटतं की जमलं! मिटल्या डोळ्यांपुढचा अंधार आधी नुसता ठिपक्याठिपक्यांचा असतो. मग ठिपक्यांची जाळी होते, जाळीतून एखादा अनोळखी चेहरा वर येतो, पाण्याची कड दिसते, कुणीतरी कानाशी आपलं नाव घेतं. आपण जागे आहोत आणि हे सगळं दिसतंय, म्हणजे हेच ते. मलाही तसंच वाटलं होतं. त्या समजुतीपायी मी तीन महिने रोज रात्री त्या चित्रांमध्ये घुसायचा आटापिटा केला आणि एकदाही घुसता आलं नाही. मी ज्याला स्वप्नाचं दार समजत होते, ती तंद्री होती.

डोळा लागता लागता दिसणाऱ्या या चित्रांना फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेद मोरी यांनी १८४८ मध्ये ‘हिप्नागॉजिक’ असं नाव दिलं. झोपेचा हा अगदी पहिला, पातळ थर. बुबुळं सावकाश इकडून तिकडे सरकतात, अंग सैल पडतं, मधूनच एखादा पाय दचकून उडतो. मला ही अवस्था फार आवडते, आणि स्वप्नापुढे तिला कमी लेखावं असं तिच्यात काही नाही. व्हिएन्नाचे मनोविश्लेषक हर्बर्ट झिल्बरर यांनी १९०९ मध्ये स्वतःवरचंच एक निरीक्षण लिहून ठेवलंय. लेखातला एक खडबडीत भाग गुळगुळीत करायचा, असा विचार करत ते पेंगत होते, आणि त्यांना दिसलं की आपण लाकडावर रंधा मारतोय. विचाराचं जागच्या जागी चित्र झालं. पुढे २००० साली झोपेचे अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचायचा संगणकावरचा खेळ खेळायला लावला, तर झोप लागताना त्यांच्या डोळ्यांपुढे ठोकळे पडायला लागले. विशेष म्हणजे त्यांत स्मृती गेलेले काही जण होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांतल्या काहींना ठोकळे दिसले.

पण या चित्रांत सहसा एक गोष्ट नसते, ती म्हणजे आपण स्वतः. चित्र समोर असतं आणि आपण अंथरुणात असतो. पाठीखालची गादी कळत असते. चेहरा दिसला म्हणून त्याच्याकडे नीट बघायला जावं, तर तो विरतो नाहीतर त्याचं दुसरंच काही होतं. एका चित्राचा पुढच्याशी संबंध नसतो.

सजग स्वप्नाची जात वेगळी. तिच्यासाठीचा ‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द डच डॉक्टर आणि लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ मध्ये वापरला आणि तोच रुळला. अशी स्वप्नं बहुतकरून रेम झोपेत पडतात. रेम म्हणजे डोळ्यांची जलद हालचाल होते ती झोप. या झोपेत मेंदू हातापायांच्या स्नायूंना कुलूप घालतो, डोळे आणि श्वास तेवढे मोकळे ठेवतो. याचाच उपयोग करून १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ किथ हर्न यांनी सजग स्वप्नाचा पुरावा मिळवला. त्यांच्या प्रयोगातले अॅलन वर्स्ली रेम झोपेत होते, आणि स्वप्न सुरू असतानाच त्यांनी आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे हलवून खूण केली. ती खूण यंत्रावर उमटली. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवून दिलं.

आता गोंधळ नेमका कुठे होतो ते सांगते. जागेपणातून स्वप्नात जातानाही सुरुवातीला तीच चित्रं लागतात: तेच ठिपके, तेच चेहरे. फरक पडतो तो घड्याळाने. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पातळ थरानंतर गाढ झोप येते, आणि रेमची पहिली पाळी साधारण दीड तासानं. तीही थोडकी असते. म्हणजे अकरा वाजता तुम्ही चित्रं धरून कितीही चिकाटीनं बसलात, तरी त्यांच्यामागे स्वप्न उभंच नसतं. मागे असते खोल झोप, आणि तिच्यात जाणीव बुडून जाते. पहाटेकडे मात्र रेमच्या पाळ्या लांबत जातात. पाचेक तास झोपून जाग आली, थोडा वेळ जागं राहून पुन्हा पडलं, तर तीच चित्रं आता खरोखर स्वप्नाच्या तोंडाशी असतात. मला हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तीन महिन्यांची झोप वाचली असती.

मला पहिल्यांदा जमलं ते असंच पहाटे. साडेचारला उठले, अर्धा तास मंद उजेडात बसले, मग कुशीवर पडून श्वास मोजत राहिले. चित्रं आली. या वेळी मी त्यांच्या मागे लागले नाही. येऊ दिली, जाऊ दिली, मोजणी चालू ठेवली. मग कानात सोसाट्याचा आवाज भरला, अंग जड झालं, आणि तळहाताला काहीतरी लागलं. जिन्याचा कठडा होता. लाकडी, थंड, एका ठिकाणी रंगाचा पोपडा सुटलेला. नखाने उचकटला तर त्याची कड नखात रुतली. मी मान वळवली. मागे आणखी सात-आठ पायऱ्या होत्या आणि वर उघडी खिडकी.

तेव्हापासून माझी कसोटी हीच आहे: मागे वळून बघता येतं का? तंद्रीतल्या चित्राला पाठीमागची बाजू नसते. स्वप्नाला असते, कारण तिथे आपल्याला अंग असतं, मान असते, उभं राहायला जागा असते.

त्या जडपणाबद्दलही सांगायला हवं, कारण कित्येक जण तिथूनच घाबरून परत फिरतात. स्नायूंना कुलूप पडलं आणि जाणीव अजून खोलीतच असली, की हलता येत नाही, छातीवर ओझं वाटतं, कधी शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. हा निद्रा-पक्षाघात. तो थोड्याच वेळात आपोआप सुटतो, श्वास चालूच असतो. स्वप्नात जाण्यासाठी तो यावाच लागतो असं मात्र नाही. मला फार थोड्या वेळा आलाय. पण दिवसाही अनावर झोप येत असेल आणि डोळा लागताक्षणी जिवंत स्वप्नं पडत असतील, तर तो सरावाचा परिणाम समजू नका. नार्कोलेप्सी या झोपेच्या आजारात झोप सुरुवातीलाच रेममध्ये उडी घेते, म्हणून डॉक्टरांना दाखवायलाच हवं. खऱ्या-खोट्याची गल्लत होण्याचा मानसिक आजार असेल, तर हा सराव करूच नये.

रात्रीची तंद्री मी आता तंद्री म्हणूनच बघते. तिच्याकडून काही मागत नाही आणि झोपून जाते. पहाटेचा प्रयत्नही आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी, सकाळी लवकर उठायचं नसेल तेव्हाच. रोज केला तर झोपेचं खोबरं होतं, आणि अपुऱ्या झोपेवर यातलं काहीच साधत नाही.

एक फसगत मात्र पहाटेही होते. चित्रं ओसरतात, काहीच घडत नाही, आपण कंटाळून डोळे उघडतो आणि खोली जशीच्या तशी समोर असते. हुकलं, असं म्हणून आपण पुन्हा कूस बदलतो. पण जागेपणातून लागलेलं स्वप्न बरेचदा आपल्याच अंथरुणात सुरू होतं. म्हणून कूस बदलण्याआधी नाक चिमटीत घट्ट धरा आणि तोंड मिटून श्वास ओढून बघा. श्वास आत गेला, तर तुम्ही स्वप्नातच आहात; मग सावकाश उठा, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळा आणि खोलीचं दार उघडा.