माइक नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत

म्युनिक, ८ जानेवारी १७७९. मोत्सार्टने ही तारीख घातली ती ‘पोपोली दी तेस्सालिया’ या आरियाच्या, म्हणजे ऑपेराच्या (पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या) धाटणीच्या एकल गाण्याच्या, हस्तलिखितावर. सोप्रानो (सगळ्यात उंच स्त्री-आवाज) आणि वाद्यवृंदासाठीची ही रचना त्याने आलोयसिया वेबर या तरुण गायिकेकरिता केली होती. जेमतेम काही आठवड्यांपूर्वी तिने त्याला झिडकारलं होतं (पुढे १७८२ मध्ये त्याने तिच्याच धाकट्या बहिणीशी, कॉन्स्टान्झशी, लग्न केलं). तरी तिच्या गळ्यातली सगळी करामत त्याने कागदावर उतरवली. शेवटाकडे ती दोनदा ज्या सुरावर जाते, तो आजच्या पट्टीत १५६८ हर्ट्झचा आहे. आपल्याकडच्या हिशेबात, काळी चारचा षड्ज धरला तर हा अतितार सप्तकातला शुद्ध निषाद! स्वरतंतू सेकंदाला दीड हजारांहून जास्त वेळा उघडमीट करतात तेव्हा तो लागतो.

पण उंची हे निम्मंच कोडं. अशी आरिया ऑपेराच्या कथेबाहेर, मैफलीत सुटी गातात. गायिका कंडक्टरशेजारी उभी, पाठीशी अख्खा वाद्यवृंद, आणि माइक नाही. मग ती ऐकू कशी येते? फुप्फुसांच्या जोरावर, असं वाटतं खरं. पण व्हायोलिनं, ओबो, हॉर्न मिळून जेवढी ध्वनिऊर्जा हवेत सोडतात तिच्याशी एका माणसाने ताकदीने झुंजणं केवळ अशक्य.

वाद्यवृंदाची सगळ्यात जास्त ऊर्जा साधारण ४५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास असते. त्याच्या वर ती भराभर उतरते. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की ऑपेरात गाणारे पुरुष नेमके इथेच वाट काढतात. स्वरयंत्र खाली उतरवून त्यावरची नळी अरुंद ठेवली की ३००० हर्ट्झच्या आसपासचे उपस्वर (मूळ सुरासोबतच उमटणारे, त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनसंख्यांचे सूर) उठून येतात. तिथे वाद्यांची गर्दी कमी, आणि आपला कानही त्या भागात विशेष तीक्ष्ण.

सोप्रानोला ही युक्ती फारशी उपयोगाची नाही. ती १००० हर्ट्झवर गात असेल तर तिचे उपस्वर २०००, ३००० असे लांबलांब पडतात. त्यांतला एखादाच त्या पट्ट्यात सापडायचा. म्हणून ती मूळ सुरालाच हात घालते. घसा आणि तोंड मिळून जी पोकळी होते तिच्या स्वतःच्या काही कंपनसंख्या असतात, आणि त्यांच्याशी जुळणारा सूर घुमतो. ‘ई’ म्हणताना सगळ्यात खालची अशी कंपनसंख्या ३०० हर्ट्झच्या आसपास असते. सूर तिच्या बराच वर गेला की पोकळीचा आधार सुटतो. गायिका मग जबडा खाली सोडते, तोंड मोठं उघडते आणि पोकळी सुरापर्यंत वर आणते.

गाणाऱ्या बायकांनी हे घरी करून पाहावं. काळी चारला सा धरून तार पंचमावर, म्हणजे ६२२ हर्ट्झवर, दात जवळ ठेवून ‘ई’ लावा. आवाज चिमटल्यासारखा येईल. आता जबडा सैल सोडा. सूर मोकळा होतो, पण ‘ई’ची ‘ई’ राहत नाही, ‘आ’कडे कलते.

२००४ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजलं. गाणाऱ्या सोप्रानोच्या ओठांपाशी एक बारीक नळी धरून तिच्यातून अनेक कंपनसंख्यांचा मिश्र आवाज सोडला. तोंडाची पोकळी त्यातलं काय उचलून धरते ते शेजारच्या माइकने टिपलं. सूर चढत गेला तशी पोकळी त्याच्या मागोमाग सरकत होती, आणि ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ अशी वेगवेगळी स्वराक्षरं शेवटी एकाच जागी येऊन मिळत होती.

‘शब्द काही कळत नाहीत बुवा’ ही ऑपेराबद्दलची जुनी तक्रार इथून येते. इटालियन उत्तम येत असलं तरी त्या उंचीवर फार काही हाती लागत नाही. दोष गायिकेच्या उच्चारांचा नाही; शब्द आणि आवाज यांतलं एकच तिथे मिळतं. रचनाकारांना हे गणित न मांडताही ठाऊक असावं. मोत्सार्टच्या या आरियात आधी रेचितातिवो, म्हणजे बोलल्यासारखं गायन येतं. कथा सांगायची ती तिथे. वरच्या ताना मात्र एकेका स्वराक्षरावर लांबवलेल्या. आरिया गायकाला बेतून शिवलेल्या कपड्यासारखी बसली पाहिजे, असं त्याने १७७८च्या एका पत्रात वडिलांना लिहिलं होतं.

जबड्यालाही मर्यादा आहेच. साधारण १००० हर्ट्झपर्यंत तो साथ देतो, त्यानंतर आणखी उघडून उपयोग होत नाही. २०१० मध्ये त्याच विद्यापीठातून आलेल्या मोजमापांत दिसलं की याहून वर जाणाऱ्या काही सोप्रानो पोकळीची दुसरी, वरची कंपनसंख्या सुराशी जुळवतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. कान आणि रियाज यांतून ते साधत जातं. आलोयसियाच्या १५६८चा मुक्काम याच टापूत आहे.