गांडूळखत म्हणजे मातीचं विरजण

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टोमॅटोची जुनी कुंडी उलटी केली तर माती कुंडीच्याच आकाराची बाहेर आली, साच्यातून वीट काढावी तशी. वरून पाणी घातलं की ते कडेकडेने उतरून खालच्या भोकातून निघून जायचं आणि मधला गाभा कोरडा ठणठणीत. बरं, या कुंडीला उपाशी ठेवलं होतं असंही नाही, दर पंधरा दिवसांनी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ हे रासायनिक खत देत होते मी. मग एक गोष्ट करून बघितली, तुम्हीही घरी करा. काचेचे दोन ग्लास पाण्याने भरले, एकात या कुंडीतलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडलं आणि दुसऱ्यात कढीपत्त्याच्या ड्रममधलं, जिथे तीन वर्षं फक्त घरचं कंपोस्ट आणि पालापाचोळाच पडतोय. पहिलं ढेकूळ बघता बघता फसकन बसलं आणि पाणी चहासारखं गढूळ झालं. दुसऱ्याने थोडे बुडबुडे सोडले आणि तसंच बसून राहिलं, संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी बघितलं तरी तसंच.

दोन्हीकडची मूळ माती एकच, एकाच टेम्पोतून आलेली. फरक डिंकाचा आहे. माती म्हणजे दगडाचा भुगा, तो आपोआप एकमेकांना धरून राहत नाही. जिवाणू स्वतःभोवती चिकट बुळबुळीत पदार्थ सोडतात, बुरशीचे धागे कणांना गुंडाळून घेतात, गांडुळाच्या अंगाचा चिकटा त्यात मिसळतो, आणि या सगळ्यातून मातीचे रव्यासारखे दाणे बनतात. दाणा दाण्याला चिकटला की मधे पोकळी राहते, दाण्याला पाणी धरलेलं आणि पोकळीत हवा. आपल्याकडे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो हाच, ना चिखल ना कोरडं. मुळांना पाणी जेवढं लागतं तेवढीच हवाही लागते हे कुंडीत रोज बदाबदा पाणी ओतणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं.

आता हा डिंक एकदा बनला की कायमचा राहिला असं होत नाही, तोही कुणीतरी खाऊन टाकतं. त्यामुळे तो सतत बनत राहावा लागतो आणि बनवणाऱ्यांना रोज जेवण लागतं, म्हणजे कर्ब (कार्बन). १९:१९:१९ मध्ये झाडासाठी नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आहे पण या जिवांना खायला जवळजवळ काहीच नाही.

आणि झाडाला तरी हे जीव हवे असतात का, तर इतके हवे असतात की झाड पानात बनवलेल्या साखरेचा चांगला मोठा हिस्सा मुळांवाटे मातीत सोडून देतं, मुद्दाम. त्या साखरेवर मुळाच्या आसपास जिवाणूंची गर्दी होते. मग त्यांना खायला प्रोटोझोआ म्हणजे एकपेशीय जीव आणि सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी येतात. जिवाणूच्या शरीरात नत्र खूप असतं, खाणाऱ्याला तेवढं लागत नाही, जास्तीचं तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो आणि ते पडतं नेमकं मुळाच्या तोंडाशी! मायकोरायझा नावाची बुरशी तर मूळ जिथे पोचत नाही तिथून स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते.

या सगळ्यांचं जेवण म्हणजे कंपोस्ट. कंपोस्टचं शास्त्र जगभर गेलं ते इंदूरहून, हे आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असतं. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल, दोघंही वनस्पतींचे अभ्यासक, १९२४ पासून इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीमध्ये होते, कापसावर काम करायला. पण शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख थरावर थर लावून, ठरावीक दिवसांनी पलटून तीन महिन्यांत खत करायची पद्धत त्यांनी तिथे बसवली. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, कुजायला किती चिवट असतात ते आपल्याकडच्या कापूसवाल्यांना सांगायला नको, तर त्या ते शेतातल्या रस्त्यांवर पसरून ठेवायचे, बैलगाड्यांच्या चाकाखाली चेचल्या जायच्या. १९३१ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने आली त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला नाव आहे यशवंत वाड यांचं, तिथल्या रसायनशास्त्राच्या कामातले सहकारी. हॉवर्ड यांचं नाव सगळे घेतात, वाड यांचं पण घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

घरी करायचं तर हिशोब सोपा आहे. ढिगात एक भाग नत्राला साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. किचनचा ओला कचरा नत्राचा आणि वाळकी पानं कर्बाची, म्हणून मी एक बादली ओल्याला दोन बादल्या पानं घालते. अमोनियाचा उग्र वास आला तर पानं कमी पडली, सडका वास आला तर हवा कमी पडली, बस. मोठा ढीग आतून ५५ ते ६५ डिग्री तापतो आणि त्यात तणाचं बी मरतं, घरच्या बादलीत तेवढी उष्णता येत नाही, म्हणून तर घरच्या कंपोस्टमधून टोमॅटो आणि पपई आपोआप उगवतात.

आता गांडूळ. त्याला दात नाहीत, फुप्फुसं नाहीत. पोटात पेषणी असते आणि गिळलेल्या वाळूच्या कणांनी अन्न दळलं जातं, जात्यासारखं. श्वास कातडीतून, म्हणून अंग कायम ओलं लागतं. डार्विननी म्हातारपणी गांडुळांवरच पुस्तक लिहिलं, १८८१ साली. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी एकरी वर्षाला १० टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून बघितल्या, नुसता आवाज त्यांना कळत नव्हता पण पट्टी दाबल्यावर येणारी थरथर कळली आणि गांडुळं झटकन बिळात गेली.

खताच्या बिनमध्ये मात्र शेतातलं कुठलंही गांडूळ चालत नाही. खोल बिळं करणारी वेगळी आणि वरच्या कुजक्या थरात राहणारी वेगळी. आपल्याकडे बिनसाठी मुख्यतः आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकन युड्रिलस वापरतात. माझा पहिला बिन मी एप्रिलमध्ये सुरू केला, विकणाऱ्याने सांगितलं काहीही टाका, मी उरलेली आमटी, लोणच्याच्या फोडी, लिंबाची सालं आणि दोन किलो भाजीचा कचरा एकदम टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला गांडुळांचा गोळा लटकलेला आणि फरशीवर कितीतरी वाळून दोऱ्यासारखी झालेली. मिठाने त्यांच्या कातडीतलं पाणी ओढलं आणि ओल्या कचऱ्याचा जाड थर आतून तापला. ३५ डिग्रीच्या वर आयसेनिया टिकत नाही. अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून कचरा आधी आठदहा दिवस पानांबरोबर कुजवून मगच थोडा थोडा देते, मीठ-तेल अजिबात नाही, आणि उन्हाळ्यात बिनवर ओलं गोणपाट.

त्यातून मिळतं ते चहापत्तीसारखं काळं खत. त्यात नत्र फार नसतं, एकदोन टक्केच, पण ते जिवाणूंनी ठासून भरलेलं असतं. म्हणून मी त्याला विरजण म्हणते. दूध म्हणजे कंपोस्ट, ते भरपूर लागतं, विरजण चमचाभर. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी कुंड्यांवर प्रयोग केले त्यातही असंच दिसलं, मिश्रणात गांडूळखत १० ते ४० टक्के असताना झाडं सगळ्यात चांगली वाढली, त्याहून जास्त घालून फायदा नाही. लोक नुसत्या गांडूळखतात रोप लावतात, ते दाबून बसतं आणि मुळं गुदमरतात.

त्या विटेसारख्या मातीचं मी काय केलं ते सांगते. फेकली नाही. फोडून निम्मी ती घेतली, तीन घमेली कंपोस्ट, एक घमेलं गांडूळखत, हवा खेळायला भाताचं तूस आणि विटांचे बारीक तुकडे, वर ओंजळभर निंबोळी पेंड. ओलं करून, पानांनी झाकून महिनाभर सावलीत ठेवलं, कारण पेंड कुजताना अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं जळतात. मग वांगं लावलं. आता पीक संपलं की झाड उपटत नाही, बुंध्याशी कापते, मुळं आतच कुजतात आणि त्यांच्या जागी पाणी-हवेला वाटा तयार होतात.

सध्या पानगळ चालू आहे आणि सोसायटीत रोज सकाळी पानांचे ढीग पेटवतात, धूर थेट घरात येतो. मी वॉचमनकाकांना रिकामी पोती देऊन ठेवलीत, ते झाडलेली पानं त्यात भरतात. पोत्यात पाणी मारायचं, तोंड बांधायचं, जिन्याखाली सावलीत ठेवायचं. मागच्या वर्षीची सात पोती गणपतीपर्यंत दबून दोन झाली होती, यंदा आत्तापर्यंत अकरा भरलीत.