जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा: बिघाड कसा शोधायचा

पेट्रोलचा काटा म्हणजे डॅशबोर्डवरचं मीटर, टाकीतलं फ्लोटवालं सेंडर (तरंगत्या फ्लोटवरून पेट्रोल किती ते मीटरला कळवणारा भाग) आणि दोघांना जोडणारी वायर, एवढाच कारभार. काटा चुकीचं दाखवायला लागला की लोक लगेच नवीन सेंडर मागवतात, पण बऱ्याचदा दोष नुसत्या गंजलेल्या अर्थिंगचा असतो, त्यामुळे टाकी उघडायच्या आधी बाहेरून तपासून घ्यावं. इथं उदाहरण एमजीबीचं घेतलंय, १९६२ ते १९८० मध्ये इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली स्पोर्ट्स कार, कारण तिच्यात दोन्ही जातीची मीटरं सापडतात.

आधी जात ओळखा. चावी ऑन करताच काटा झटकन जागेवर गेला आणि वळणावर डोलायला लागला तर ते सुरुवातीचं कॉइलवालं मीटर. हळूहळू चढत अर्ध्याएक मिनिटात स्थिर झाला तर ते नंतरचं बायमेटल, त्यात गरम होऊन वाकणारी पट्टी असते. हे कळलं नाही तर पुढची टेस्ट अगदी उलटी वाचली जाते.

टेस्ट अशी: चावी बंद, सेंडरवरची हिरवी-काळी वायर काढून बॉडीच्या उघड्या पत्र्याला घट्ट लावा आणि मगच चावी फिरवा, टाकीशेजारी ठिणगी अजिबात नको. बायमेटलचा काटा फुलकडे चढतो (चढायला लागला की चावी बंद करा, जास्त वेळ ठेवलं तर मीटर जळू शकतं), कॉइलवाल्याचा एम्प्टीवर पडतो. काटा असा हलला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. हललाच नाही तर फ्यूज, वायर, मीटर या क्रमाने बघा.

बायमेटल मीटरच्या मागे स्टॅबिलायझर नावाची छोटी डबी असते आणि सगळ्यात जास्त फसवते तीच. ती करंट चालू-बंद करत सरासरी १० व्होल्ट देते, म्हणून डिजिटल मल्टीमीटरवर आकडे नाचताना दिसतात, तो बिघाड नाही. डबीचं अर्थिंग गेलं तर मात्र पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात आणि काटा कायम जास्त दाखवतो, म्हणजे टाकीत पेट्रोल आहे असं वाटत असतानाच गाडी रस्त्यात बंद पडते. टेंपरेचरचं मीटरही त्याच डबीवर असेल आणि दोन्ही काटे एकदमच चुकत असतील तर टाकीकडे जाऊच नका.

सेंडरवर संशय असेल तर वायर काढून टर्मिनल ते बॉडी ओहम मोजा, बायमेटलवाल्या गाडीत भरलेल्या टाकीला साधारण २०-३० आणि रिकामीला २५० च्या आसपास यायला हवेत. अमेरिकन गाड्यांचं गणित वेगळं, १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या शेव्हरोलेत रिकामी ० आणि भरलेली ९०, तेव्हा मिळेल ते सेंडर बसवू नका. सेंडर काढायचंच झालं तर टाकी जवळपास रिकामी करून, उघड्यावर, आणि सेंडर टाकीला धरून ठेवणारी लॉक रिंग पितळी दांड्याने ठोकून फिरवा. फ्लोट कानाशी हलवला आणि आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून बुडतोय, बदलून टाका, पितळी असला तरी डाग देत बसू नका, आतल्या वाफेचा भडका उडतो.

परत बसवल्यावर ५-५ लिटर टाकत काटा कुठे येतो ते लिहून ठेवा, कमी-जास्त वाटलं तर फ्लोटची दांडी किंचित वाकवून जमवता येतं.