रॉक क्रॉलर : रेडी-टू-रन गाडीतील सुधारणा

रॉक क्रॉलर ही रेडिओ रिमोटवर चालणारी, दगडधोंड्यांवरून सावकाश चढणारी चारचाकी गाडी. माणूस पायी चालतो तेवढा वेग तिला पुरतो. कपारीत अडकलेले चाक बाहेर काढताना आणि तिरक्या दरडीवर तोल सांभाळताना तिचा कस लागतो. त्यासाठी एका एक्सलवरची दोन्ही चाके बहुधा एकत्र बांधलेली असतात. एक चाक हवेत लोंबले तरी दुसरे ओढत राहते. प्रचलित मापे मुख्यत्वे दोन : हातभर लांबीची, अडीच ते साडेतीन किलो वजनाची १:१० (खऱ्या गाडीच्या एकदशांश) आणि वीतभर लांबीची १:२४. ॲक्सियलची एससीएक्स१० आणि ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ (२०१७) या १:१० मापातल्या सर्वपरिचित गाड्या. पुढील तपशील मुख्यतः याच मापासाठी आहे.

रेडी-टू-रन गाडी डब्यातून काढली आणि बॅटरी चार्ज केली की चालते. मात्र किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी बनवणारे ठरावीक जागी हात आखडता घेतात : स्टिअरिंगचा सर्वो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), टायर आणि शॉक (धक्के शोषणारे स्प्रिंगचे दांडे). चेसिस म्हणजे सांगाडा, गिअरबॉक्स आणि एक्सल सहसा बरे असतात. त्यामुळे नवशिक्याने मोटर आणि वेगापासून सुरुवात करणे म्हणजे पैसे वाया घालवणे. सर्वो, मग टायर, मग वजन, हा क्रम बहुतेक गाड्यांना लागू पडतो.

मराठवाड्यातली जमीन. मराठवाड्याचे आठही जिल्हे कमी-अधिक प्रमाणात दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसले आहेत. छत्रपती संभाजीनगरभोवतीचे डोंगर असोत की बीड-धाराशिवकडचा बालाघाट, माळावर गाडी नेली की तीन प्रकारची जमीन भेटते. पहिला घट्ट काळा पाषाण. याचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि मऊ रबर त्याला घट्ट धरते. दुसरे ओढ्यातले गुळगुळीत गोटे; कोरडे असताना ठीक, शेवाळ धरले की चाक जागच्या जागी फिरते. तिसरा मुरूम, म्हणजे कुजलेल्या दगडाचा चुरा. पाषाणावर सहज चढणारी गाडी त्याच उताराच्या मुरमावर घसरत खाली येते, कारण खडे टायरखाली गोळ्यांसारखे लोळतात. मुरमावर टायर बदलून फारसा फरक पडत नाही; तिथे वजनाची मांडणी आणि हलका थ्रॉटल कामी येतो. पावसाळ्यातली काळी माती हा वेगळाच प्रकार. ती टायरच्या नक्षीत अशी भरते की चाक गुळगुळीत लाडवासारखे होते आणि कुठलाच टायर चालत नाही.

आधी गाडी आहे तशी चालवावी. निदान चार-पाच बॅटऱ्या संपेपर्यंत काहीही बदलू नये. घराजवळचा एखादा दगड ठरवावा आणि दर वेळी त्याच्यावरच चढवून गाडी कशामुळे थांबते ते पाहावे. दगडाला टेकलेली पुढची चाके वळत नसतील तर दोष सर्वोचा. चाके फिरतात पण गाडी सरकत नसेल तर टायरचा. तोंड वर करून गाडी मागे उलटत असेल तर वजन चुकीच्या जागी आहे. पोट दगडावर टेकून चारही चाके लोंबत असतील तर प्रश्न लिंकचा (एक्सल चेसिसला जोडणाऱ्या दांड्यांचा) किंवा टायरच्या उंचीचा आणि बऱ्याचदा वाट निवडण्याचा. बदल एका वेळी एकच करावा आणि पुन्हा त्याच दगडावर तपासावा. तीन भाग एकदम बदलले की कशाने फरक पडला ते कळत नाही आणि काही बिघडले तर शोधायचे कुठे, हेही कळत नाही.

सर्वो. तयार गाडीतला सर्वो साधारण ८ ते १५ किलो-सेंमी जोराचा असतो. सपाट अंगणात तो पुरतो, पण दोन दगडांमध्ये अडकलेले चाक वळवायला नाही. त्याच्या जागी २५ किलो-सेंमी किंवा त्याहून अधिक जोराचा, धातूच्या दातांचा आणि पाण्यापासून जपलेला सर्वो घ्यावा. हा आकडा नीट समजून घ्यावा. २५ किलो-सेंमी म्हणजे दांड्याच्या मध्यापासून १ सेंमीवर २५ किलोचा ओढा. हॉर्नचे, म्हणजे सर्वोच्या दांड्यावर बसणाऱ्या पट्टीचे, भोक २.५ सेंमीवर असेल तर तिथे १० किलोच उरतो. चाकांकडे जाणारी स्टिअरिंगची लिंक आतल्या भोकाला जोडली की जोर वाढतो, चाक मात्र कमी वळते.

मूळ गाडीत अनेकदा प्लॅस्टिकचा, आत स्प्रिंग असलेला सर्वो-सेव्हर असतो. तो ठेवला तर नवा सर्वो कितीही दमदार असो, त्याचा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. त्याऐवजी ॲल्युमिनियमचा, पकडस्क्रूचा हॉर्न लावावा. बहुतेक सर्वोच्या दांड्याला २५ दात असतात, पण सगळ्यांना नाही. विकत घेण्याआधी मोजावे. बसवताना आधी हॉर्न न लावता सर्वो रिसीव्हरला (रिमोटचा संदेश घेणाऱ्या गाडीतल्या भागाला) जोडावा, रिमोटचा ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य सरकवणारे बटण) शून्यावर आणून गाडी चालू करावी, सर्वो मध्यावर आला की मगच हॉर्न सरळ रेषेत बसवावा. उरलेला किंचित तिरकेपणा लिंकची लांबी कमी-जास्त करून काढावा, ट्रिमने नाही. शेवटी चाके पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून कान द्यावा. सर्वो गुणगुणत राहिला तर एक्सल अडल्यानंतरही तो ढकलतो आहे. रिमोटवरची एंड-पॉइंट मर्यादा (सर्वोने कुठवर वळावे ती) आवाज थांबेपर्यंत कमी करावी. ही दोन मिनिटांची पायरी गाळली की नवा सर्वो महिनाभरात जळू शकतो.

यानंतर नवशिक्याला हमखास चकवणारी एक अडचण येते. दगडाला टेकून स्टिअरिंग दाबले की गाडी क्षणभर मेल्यासारखी होते, रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो आणि पुन्हा सगळे सुरू होते. दोष रेडिओचा वाटतो, पण असतो विजेचा. सर्वोला वीज ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकामधल्या) बीईसीकडून, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागाकडून, मिळते. तयार गाडीत ती साधारण २ ते ३ अँपियरची असते आणि दमदार सर्वो अडला की त्याहून जास्त मागतो. मग व्होल्टेज पडते आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो. उपाय म्हणजे थेट बॅटरीच्या तारांवर जोडलेला वेगळा बीईसी. त्याचे व्होल्टेज सर्वोला आणि रिसीव्हरलाही सोसेल इतके ठेवावे, रिसीव्हर ७.४ व्होल्ट सोसतो याची खात्री नसेल तर ६ व्होल्टच बरे. वेगळा बीईसी रिसीव्हरमध्ये लावताना ईएससीच्या प्लगमधली लाल तार बाहेर काढून तिच्यावर टेप गुंडाळावी, नाहीतर दोन बीईसी एकमेकांविरुद्ध काम करतात.

टायर, फोम आणि रिम. मूळ टायरचे रबर बहुधा कडक असते. बोटाने दाबल्यावर नक्षीचे ठोकळे वाकायला हवेत. वाकत नसतील तर ते बेसाल्टच्या खडबडीत अंगात शिरणार नाहीत. १:१० गाडीला १.९ इंची रिम आणि १२ मिमीचा हेक्स (चाक ज्यावर बसते तो षटकोनी तुकडा) ही सर्वांत सोयीची मापे. टायरचा बाहेरचा व्यास मूळ मापाच्या आसपासच ठेवावा. टायर मोठा झाला की पोटाखालची उंची वाढते खरी, पण तो बॉडीला घासतो आणि मोटर-गिअरवर भारही वाढतो.

आतला फोम टायरइतकाच महत्त्वाचा. फार मऊ फोमवर टायर तिरक्या दगडावर दुमडतो, फार कडक फोमवर दगडाभोवती बसत नाही. आत कडक आणि बाहेर मऊ असा दुपदरी फोम अडीच-तीन किलोच्या गाडीला चांगला बसतो. मूळ टायर रिमला चिकटवलेले असतील तर ते सोडवण्यात वेळ घालवण्यापेक्षा बीडलॉक रिम घ्यावे. यात टायरची कड दोन रिंगांमध्ये स्क्रूंनी आवळली जाते, त्यामुळे फोम बदलणे किंवा वजन घालणे घरीच जमते. रिंगेचे स्क्रू ओळीने आवळू नयेत. समोरासमोरचे थोडे-थोडे आवळावे, नाहीतर रिंग वाकते आणि चाक डगमगते. रिमला हवा जाण्याची छिद्रे असतात आणि ओढ्यातून गेल्यावर त्यांतूनच पाणी फोममध्ये भरते. पाण्यात चालवणारे रिमची छिद्रे टेपने बंद करतात आणि टायरच्या नक्षीत दोन-तीन बारीक भोके पाडतात. चाक फिरताना पाणी आपोआप बाहेर फेकले जाते.

वजन. क्रॉलरला वजन हवे, पण खाली आणि पुढे. चढावर गाडी मागे कलते तेव्हा पुढच्या चाकांवरचा भार आधीच कमी होतो. तो टिकवण्यासाठी एकूण वजनाचा ५५ ते ६० टक्के भाग पुढच्या चाकांवर ठेवतात. मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पुढची चाके काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या वह्यांच्या थप्पीवर, बॅटरी गाडीत. एकूण ३ किलोपैकी काट्यावर १,७०० ग्रॅम आले तर हे प्रमाण सुमारे ५७ टक्के झाले.

पहिला बदल फुकटचा आहे : छतावरचे कॅरिअर, शोभेचे जेरीकॅन, स्टेपनी उतरवावी. दिसायला छान असणारी ही वरची २०० ग्रॅम गाडी उलटवायला पुरेशी ठरतात. दुसरा बदल म्हणजे बॅटरी मागून पुढे आणि खाली आणणे. त्यानंतर पितळ. स्टिअरिंग नकल, सी-हब (पुढचे चाक ज्यांवर वळते ते एक्सलच्या टोकाचे भाग) आणि पोर्टल गाडी (चाकाजवळ गिअर असल्याने एक्सल उंच असलेली) असेल तर पोर्टलची झाकणे पितळी मिळतात. हे वजन शॉकच्या खाली, चाकाजवळ असल्याने गाडी जमिनीला चिकटून राहते. चारचाकी टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला वापरतात त्या चिकट वजनांच्या पट्ट्या हा आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारा स्वस्त पर्याय. ५ आणि १० ग्रॅमचे ठोकळे असलेली ६० ग्रॅमची पट्टी टायर उघडून रिमच्या गाभ्यावर सर्व बाजूंनी सारखी चिकटवावी. आधी रिम स्पिरिटने पुसावा आणि वरून टेपचा एक वेढा द्यावा, कारण उन्हाळ्यात तापलेल्या दगडावर चिकटा सैल पडतो आणि सुटलेले ठोकळे फोमखाली खडखडतात. वजने शिशाची असतील तर काम झाल्यावर हात धुवावे. सुरुवातीला फक्त पुढच्या चाकांत, प्रत्येकी ६० ग्रॅम. याहून पुढे जाण्याआधी गाडी चालवून पाहावी. वजनाचा अतिरेक झाला की एक्सलचे दांडे तुटतात आणि मोटर तापते.

शॉक. मूळ स्प्रिंग अनेकदा गरजेपेक्षा कडक असतात. बॅटरीसह गाडी जमिनीवर ठेवल्यावर शॉक आपल्या प्रवासाच्या पाव ते एकतृतीयांश दबलेला असावा. तेल सिलिकॉनचेच घालावे. दुचाकीच्या फोर्कचे किंवा इंजिनाचे तेल सिलिकॉनच्या ओ-रिंगा फुगवते आणि शॉक अडकू लागतात. भरताना दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघू द्यावे.

मोटर आणि गिअर. ब्रश मोटरवरचा टर्नचा (आतल्या तारेच्या वेढ्यांचा) आकडा वाढला की वेग कमी होतो आणि सावकाश चालवण्यावर ताबा वाढतो. क्रॉलरला ३५ ते ५५ टर्न चालते. मूळ मोटर ३५ टर्नची असेल तर ती जळेपर्यंत बदलण्याची घाई नको. मोटर तापत असेल तर आधी पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक) एक-दोन दात लहान करावे. पिनियन आणि त्याला भिडणारा मोठा स्पर गिअर यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर दाबून आवळावी आणि पट्टी फिरवून काढावी. पट्टी फाटली तर फट कमी, दातांचे ठसे न उमटता निघाली तर जास्त. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा आवळस्क्रू) दांड्याच्या सपाट बाजूवरच यावा आणि त्याला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावावे. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला ते लावतात, प्लॅस्टिकला मात्र लावू नये, प्लॅस्टिक तडकते. ईएससीचा ड्रॅग ब्रेक शक्य तेवढा वाढवावा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर गाडी उतारावर थांबून राहते.

बॅटरी आणि ऊन. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी वापरण्याआधी ईएससीवरचा जंपर किंवा सेटिंग लिपोवर आहे का पाहावे. ते निकेल बॅटरीवर राहिले तर व्होल्टेज पडल्यावर गाडी वेळेत थांबत नाही आणि सेल कायमचे खराब होतात. ३ सेलची बॅटरी लावण्याआधी ईएससी, मोटर आणि बीईसी तिला सोसतात का, हे माहितीपत्रकात पाहावे. चार्जिंग १सी दराने, म्हणजे २,२०० एमएएचला २.२ अँपियरने. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट, आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेवावी. लिपो ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हा आकडा दुपारी सहज गाठला जातो. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत बॅटरी विसरणे त्याहून धोक्याचे. चार्जिंग पहाटे किंवा रात्री, फरशीवर, समोर बसून. गाडी चालवतानाही मोटरवर बोट तीन-चार सेकंद टिकत नसेल तर पंधरा मिनिटे सावलीत थांबावे.

कुठे चालवावी. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद यांसारख्या संरक्षित स्मारकांचे दगड आणि कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्याचा परिसर या छंदासाठी नाहीत. गावाबाहेरचा खडकाळ माळ, कोरडा ओढा, मालकाला विचारून शेताच्या बांधावरचे दगड, एवढ्यात वर्षभर पुरेल इतकी वाट सापडते. दगडाखाली हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. विंचू आणि फुरसे दोन्ही असतात.

देखभाल. पावसाळा संपल्यावर माळावर कुसळी गवत वाळते आणि त्याची टोके ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यात व एक्सलच्या तोंडाशी गुंडाळली जातात. गाडी जड वाटू लागली, मोटर विनाकारण तापली, की आधी तिथे पाहावे. सुरीने ओढून काढू नये, सील फाटते. चाक काढून, दांडा हाताने उलटा फिरवत चिमट्याने एकेक काडी काढावी. काळी माती लागली असेल तर त्याच दिवशी ओल्या ब्रशने धुवावी, कारण वाळल्यावर ती शॉकच्या दांड्यावर सिमेंटसारखी बसते आणि ओ-रिंग कापते. पाण्यातून आलेली बेअरिंग काढून स्पिरिटने धुवावी, वाळवावी आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा. बोटावर फिरवताना खरखर जाणवली तर ते बेअरिंग बदलावे आणि त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूचेही काढून पाहावे.