खोका थोडा मोठा चालेल, छोटा नको
(घरी सबवूफरचा, म्हणजे खोल बासच्या स्पीकरचा, बॉक्स बनवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडून ड्रायव्हर (खोक्यात बसवायचा नुसता स्पीकर) किंवा कापलेल्या फळ्या नेणारे बरेच जण महिनाभराने परत येतात. काही जण खूश असतात. काही जण खोकाच उचलून आणतात आणि म्हणतात, "बघा हो, नुसता घुमतोय." हे पत्रक दुसऱ्या मंडळींसाठी आहे, आणि त्यांच्यात आम्हीही होतो.

आमचा पहिला खोका

दहा इंची ड्रायव्हर होता. हिशेबाने पोर्ट (हवा आत-बाहेर करणारा पाइप) असलेला ५० लिटरचा खोका हवा होता, ट्यूनिंग (ज्या सुराला पोर्टमधली हवा सगळ्यांत जोरात हलते तो) ३० हर्ट्झला. आम्ही कागदावर ४० सेंमीचा घन काढला. ४० गुणिले ४० गुणिले ४० म्हणजे ६४ लिटर. ५० हवेत, ६४ आहेत, मग काळजी कसली?

काळजी फळीच्या जाडीची होती. १८ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) दोन्ही बाजूंनी वजा केलं की आतली बाजू उरते ३६.४ सेंमी. त्याचा घन ४८.२ लिटर. म्हणजे जवळपास सोळा लिटर लाकडानेच खाल्ले. ड्रायव्हरचं मॅग्नेट आणि फ्रेम दोनेक लिटर जागा घेतात, आतल्या आडव्या पट्ट्या आणखी दीड. हे सगळं आम्हाला खोका चिकटवून झाल्यावर सुचलं.

मग पोर्टची गंमत. पहिल्यांदा ५ सेंमी व्यासाचा पाइप लावला, कारण त्याची लांबी फक्त साडेनऊ सेंमी येत होती आणि तो सहज बसत होता. आवाज वाढवला की बासऐवजी फसफस ऐकू यायची, सायकलच्या पंपासारखी. एवढ्याशा तोंडातून एवढी हवा आत-बाहेर करायची, तर ती शिट्टी घालणारच. म्हणून १० सेंमीचा पाइप आणला. पण व्यास दुप्पट केला की त्याच ट्यूनिंगसाठी लांबी दुप्पट करून भागत नाही, ती कैक पटींनी वाढते. हिशेब आला ४५ सेंमी. खोक्याची आतली खोली ३६! एल्बो लावून पाइप वळवला. बाहेरून ११ सेंमीचा तो पाइप स्वतःच सव्वाचार लिटर जागा अडवून बसला. हवेला उरले ४० लिटर, आणि ट्यूनिंग ३० वरून ३३-३४ हर्ट्झवर सरकलं. एकाच सुराला खोका हंबरायचा, बाकी सूर कुठे गेले ते कळायचं नाही.

शेवटी ७.५ सेंमीचा पाइप, लांबी २४ सेंमी. पाइपाचं आतलं तोंड आणि मागची फळी यांच्यात निदान पाइपाच्या व्यासाएवढी मोकळी जागा लागते. ती धरूनही हा बसतो. अगदी दणकून वाजवलं तर किंचित फुसफुसतो, पण दहा इंची ड्रायव्हरला घरच्या आवाजात पुरतो. ड्रायव्हर, पट्ट्या, पाइप सगळं वजा करून ५० लिटर उरायचे तर खोका बाहेरून ४१.६ सेंमीचा हवा होता. आम्ही आता अशा मापाला सरळ ४२ सांगतो. बाजूला दोनच सेंमी, आणि त्यापायी आमचे दोन आठवडे गेले होते.

चूक करायचीच तर कुठल्या बाजूने

मोठा झालेला खोका छोटा करता येतो. आत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवला की काम झालं. छोटा झालेला मोठा करता येत नाही. आत पॉलिएस्टरचा कापूस भरून बंद (पोर्ट नसलेला) खोका थोडासा मोठा असल्यासारखा वागतो खरा, पण त्यावर विसंबू नका. पोर्टचा पाइप तसाच: दोन-तीन सेंमी लांब ठेवा, ऐकून मग कापा. ड्रायव्हरचं भोकही तसंच. दहा इंची ड्रायव्हर म्हणजे दहा इंची भोक नव्हे. दहा इंच हे बाहेरच्या कडेचं ढोबळ माप. भोक त्याहून बरंच लहान असतं. डबीवरच्या मापावर न जाता ड्रायव्हर हातात घ्या, पुठ्ठ्यात भोक कापून बसवून बघा, मग फळीला करवत लावा. लहान राहिलं तर कानस आहे. मोठं झालं तर नवी फळी आहे.

मागची फळी पहिल्या दिवशी चिकटवू नका. फोमची पट्टी लावून स्क्रूने बसवा. महिनाभर ऐकून समाधान झालं की मग हवं तर गोंद लावा. आम्ही तर आमच्या खोक्याला अजूनही लावलेला नाही.

बंद खोका की पोर्टचा?

पहिलाच खोका असेल तर आम्ही बंद खोकाच सुचवतो. त्यात चूक पचते. ड्रायव्हरच्या कागदावर एफएस (ड्रायव्हरचा स्वतःचा सूर, हर्ट्झमध्ये), क्यूटीएस (तो सूर किती आवरलेला आहे) आणि व्हीएएस (ड्रायव्हरइतकीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये) असे तीन आकडे असतात. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी जो हिशेब मांडला, त्याचेच हे आकडे. बंद खोक्यासाठी तो असा: व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या संख्येने क्यूटीएसला गुणा. उत्तर ०.७ च्या आसपास आलं तर बास सपाट आणि स्वच्छ. समजा एफएस ३०, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ५० लिटर. ५० लिटरच्या खोक्यात उत्तर ०.७१ येतं, आणि एफएसला त्याच वर्गमुळाने गुणलं की खोक्यात बसलेल्या ड्रायव्हरचा सूर मिळतो, ४२ हर्ट्झ. तोच ड्रायव्हर २५ लिटरमध्ये कोंबला तर ०.८७ आणि ५२ हर्ट्झ. थोडा फुगीर, पण ऐकवत नाही असं नाही. पोर्टच्या खोक्यात एवढी चूक लगेच कानाला लागते.

पोर्टच्या खोक्यात आणखी एक धोका आहे. ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना हवेचा आधार सुटतो आणि कोन (ड्रायव्हरचा हलणारा पडदा) मोकाट हलतो. एक ग्राहक टक्-टक् आवाज करणारा ड्रायव्हर घेऊन आले. कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) मागे आपटत होती. ॲम्प्लिफायरमध्ये सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) असेल तर तो ट्यूनिंगच्या जरा खाली लावाच.

आकाराची चिंता मात्र सोडा. घन असो, लांबट असो, तिरपा असो. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते; तुमच्या हातभर खोक्याचा आकार तिला कळतसुद्धा नाही. लिटर बरोबर हवेत आणि फळ्या थरथरू नयेत, बस. मोठी फळी असेल तर मधोमध आडवी पट्टी द्या.

जोडताना

एमडीएफच्या कडेत थेट स्क्रू पिळला की फळी चिरते. आधी बारीक ड्रिल मारा. कड गोंद पिऊन टाकते, म्हणून एक हात लावा, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा. कापताना आणि घासताना मास्क लावा. ती धूळ फुफ्फुसांसाठी वाईट आहे.

फटी सिलिकॉनने भरलीत तर तो पूर्ण सुकल्यावरच ड्रायव्हर बसवा. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसिड सुटतं आणि तांब्याला गंज चढतो.

खोका हवाबंद आहे की नाही हे तपासायला यंत्र लागत नाही. बंद खोका असेल तर कोन दोन्ही हातांनी, मध्यावर जोर न देता, सारखा आत दाबा आणि सोडा. हळूहळू परत आला तर ठीक. पटकन उसळला तर कुठेतरी हवा निसटतेय, बहुतेक वायरीच्या भोकातून. पोर्टच्या खोक्याचं ट्यूनिंगही डोळ्यांनी दिसतं. मोबाइलवरून एकेक हर्ट्झने सूर बदलत जा, आवाज माफक ठेवा. ज्या सुराला कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधून हवा जोरात येते, तेच तुमचं ट्यूनिंग.

वायरीचं थोडक्यात: एकाच ड्रायव्हरच्या ४-४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकापुढे एक जोडल्या तर ८. ॲम्प्लिफायर ४ ओहमपर्यंतचाच असेल तर २ वर तो तापतो. एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे झाले तर दोघी एकमेकींना खातात आणि बासच येत नाही. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा: प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर उडी मारायला हवा.

आमच्याकडे येताना

फळ्या कापून घ्यायच्या असतील तर आतली मापं आणा, बाहेरची आम्ही काढतो. करवतीच्या पात्याची जाडीही आम्हीच धरतो, ती मिळवून आणू नका. तसं झालं की फळ्या तीन-तीन मिलिमीटरने मोठ्या निघतात आणि कडा जुळत नाहीत. फसलेला खोका असेल तर फोडू नका, तसाच आणा. अर्ध्याअधिक वेळा एखादा ठोकळा किंवा कापलेला पाइप पुरतो. ड्रायव्हर मात्र आधी काढा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात कोन वर करून आणा.