हायड्राइडे, हलक्या मूलद्रव्यांची

लिथियम, बोरॉन, सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम इ. हलक्या मूलद्रव्यांची हायड्रोजनाशी होणारी संयुगे. वजनाच्या मानाने हायड्रोजन विपुल (लिथियम बोरोहायड्राइडात सु. १८.५%, मॅग्नेशियम हायड्राइडात ७.६%) असल्याने प्रथम इंधनसाठ्यासाठी त्यांचा विचार झाला. सोडियम ॲलनेटात (सोडियम, ॲल्युमिनियम व हायड्रोजन यांच्या संयुगात) टायटॅनियम मिसळल्यास हायड्रोजन काढून पुन्हा भरता येतो, हे बोग्दानोविच व श्विकार्डी यांनी १९९७ मध्ये दाखविले आणि संशोधनाला वेग आला.

यांपैकी बहुतेक संयुगे विद्युत् निरोधक आहेत. लिथियम बोरोहायड्राइडातील ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉन मोकळा होऊन वाहू लागण्यास लागणारी किमान ऊर्जा) गणिताने ६ ते ७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. घन विद्युत् अपघटनीसाठी (बॅटरीच्या दोन अग्रांमधील आयनवाहक माध्यमासाठी) हे मोठेच वरदान. आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) वाहतात, इलेक्ट्रॉन गळत नाहीत. नवी मुंबई परिवहनाच्या विजेवरील बसगाड्यांच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांत ही अपघटनी द्रव व ज्वलनशील असते. तिला घन पर्याय शोधण्याचे मोल त्यावरून ध्यानी यावे.

सु. ११०° से.च्या आसपास लिथियम बोरोहायड्राइडाची समचतुर्भुजी स्फटिकरचना षट्कोणी होते व संवाहकता सु. हजार पटींनी वाढून सेंटिमीटरमागे १०⁻³ सीमेन्सच्या घरात जाते. जपानमधील मात्सुओ, ओरिमो व सहकाऱ्यांनी हे २००७ मध्ये प्रसिद्ध केले. कारणाबाबत मतभेद आहेत. चतुष्फलकी बोरोहायड्राइड आयन पाणचक्कीप्रमाणे फिरत लिथियमला पुढे ढकलतात, असा एक पक्ष. परंतु अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या (एनएमआर) मापनांनुसार हे आयन थंड, जवळजवळ असंवाहक प्रावस्थेतही (स्फटिकरूपातही) झपाट्याने दिशा बदलतात. तेव्हा केवळ फिरण्याने उलगडा होत नाही. षट्कोणी रचनेत लिथियमला जवळपास समान ऊर्जेच्या जादा जागा मिळतात, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. फिरण्याने उडीचा अडथळा कमी होत असावा. लिथियम आयोडाइड मिसळल्यास षट्कोणी प्रावस्था सामान्य तापमानासही टिकते, पण त्या तापमानास संवाहकता तप्त शुद्ध संयुगापेक्षा बरीच कमी असते.

मॅग्नेशियम हायड्राइड बॅटरीचे ऋणाग्र (ऋण टोकाचा विद्युत् अग्र) म्हणूनही तपासले गेले आहे. लिथियमाशी विक्रिया होऊन मॅग्नेशियम व लिथियम हायड्राइड बनतात.

ठाणे खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, लिथियम बोरोहायड्राइडाचे पांढरे चूर्ण उघड्यावर तोलता येत नाही. ते ओल धरते, गुठळ्या होतात आणि हायड्रोजन सुटू लागतो. म्हणून तोलणे, दळणे, वडी दाबणे ही सर्व कामे आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसविलेल्या हवाबंद पेटीत) करतात. आग लागल्यास पाणी किंवा कार्बन डाय-ऑक्साइड न वापरता कोरडी भुकटी टाकतात.